लेकराला लागलं तर: आयर्लंडमधल्या आईबाबांचे प्रश्न

या महिन्यात आयर्लंडमधल्या वाचकांची बरीच पत्रं आलीयत आणि बहुतेक सगळी एकाच काळजीची आहेत, म्हणून अख्खं पान त्यालाच दिलंय. मुलाला लागलं, चूक दुसऱ्या कुणाची तरी असावी असं वाटतंय, पण क्लेम (भरपाईचा दावा) करायचा का, केला तर अंगाशी येईल का, उशीर तर झाला नाही ना. पत्रांमधले तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदललेत. तुमच्या केसचं नक्की काय ते कागद बघून सॉलिसिटरच (वकीलच) सांगेल, पण त्याच्यासमोर बसायच्या आधी एवढं तरी माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

ताई, माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. क्रेशमध्ये (पाळणाघरात) पडली आणि कपाळावर टाके घालावे लागले. त्यांनी त्याच दिवशी एका इन्सिडेंट फॉर्मवर माझी सही घेतली. नवरा म्हणतो आपण वर्क परमिटवर आहोत, कशाला कोर्टकचेरी, आणि दुसरं क्रेश मिळत पण नाहीये. सही केली म्हणजे आता काही करता येणार नाही का? (एक आई, डब्लिन)

आधी सहीचं बोलू, कारण तेच तुम्हाला जास्त खातंय असं दिसतं. त्या फॉर्मवरच्या सहीचा अर्थ एवढाच की काय झालं ते तुम्हाला सांगितलं गेलं. त्याने कुठलाही हक्क गेलेला नाही. आणि समजा उद्या कुणी "आम्ही क्लेम करणार नाही" असा कागद पुढे केला आणि तुम्ही घाईगडबडीत सही केलीत तरी मुलीचा हक्क त्याने संपत नाही, कारण तो हक्क तिचा आहे, तुमचा नाही, आणि लहान मुलाच्या नावाने झालेली कुठलीही तडजोड कोर्टाने मान्य केल्याशिवाय पक्की होत नाही. दुखापतीची जबाबदारी आमच्यावर नाही असं कॉन्ट्रॅक्टमध्ये छापून टाकणाऱ्या अटी तर २०२२ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टनुसार चालतच नाहीत.

परमिटचं टेन्शन घेऊ नका. आयर्लंडमध्ये दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे कुणाला लागलं तर भरपाई मागायला नागरिकत्व लागत नाही, आणि क्लेम केला म्हणून परमिटला धक्का लागत नाही. हे नवऱ्याला वाचून दाखवा.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, नुसतं पडली म्हणून भरपाई मिळत नाही. साडेतीन वर्षांची मुलं पडतातच, कितीही लक्ष ठेवलं तरी पडतात. प्रश्न असा आहे की क्रेशने जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली होती का. दिवसभराच्या क्रेशमध्ये तीन ते सहा वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस असा नियम आहे, तर त्या वेळी खोलीत किंवा अंगणात किती मुलं होती आणि किती स्टाफ होता? कशावर आपटली? ती वस्तू तिथे असायला हवी होती का, आधी कुणी तक्रार केली होती का? हे आत्ता विचारा, लेखी विचारा, ईमेलने. फॉर्मची कॉपी मागा. कॅमेरा असेल तर फुटेजसाठी आजच लिहा, कारण फुटेज ठरावीक दिवसांनी पुसलं जातं आणि मग कितीही मोठा वकील लावला तरी ते परत येत नाही. जखमेचे फोटो काढत राहा, तारखेसकट. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) गेलात, औषधं घेतलीत, त्या सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा.

आता रस्ता कसा असतो ते. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलगी स्वतः क्लेम करू शकत नाही, तिच्या वतीने आई किंवा बाबा करतात, त्यांना नेक्स्ट फ्रेंड म्हणतात. सुरुवात कोर्टात होत नाही, अर्ज इंज्युरीज रिझोल्यूशन बोर्डाकडे करायचा असतो. २००४ मध्ये हे बोर्ड सुरू झालं तेव्हा नाव पीआयएबी होतं, बरेच जुने लोक अजून तेच म्हणतात. ऑनलाइन अर्जाची फी ४५ युरो आहे आणि सोबत डॉक्टरचा रिपोर्ट लागतो. मग बोर्ड समोरच्याला कळवतं, त्याला ९० दिवस मिळतात, त्याने असेसमेंटला हो म्हटलं तर बोर्ड रक्कम ठरवतं, नाही म्हटलं तर कोर्टात जायची परवानगी देतं. समोरचा म्हणजे प्रत्यक्षात इन्शुरन्स कंपनी. क्रेशला इन्शुरन्स ठेवणं २०१६ च्या नियमांनी सक्तीचं आहे, त्यामुळे तुम्ही क्रेशमधल्या ताईंच्या पगारातून पैसे काढताय असं काही होत नाही, हे मनातून काढून टाका.

रकमेबद्दल लोक काहीही सांगतात, त्यावर जाऊ नका. २४ एप्रिल २०२१ पासून पर्सनल इंज्युरीज गाइडलाइन्स लागू आहेत, बोर्ड आणि जज दोघंही त्याच बघतात, आणि त्यात सहा महिन्यांच्या आत पूर्ण बरी होणारी किरकोळ दुखापत ५०० ते ३,००० युरोच्या पट्ट्यात येते. चेहऱ्यावर व्रण राहिला तर गोष्ट वेगळी, रक्कम वाढते, पण किती ते व्रण किती दिसतो, मुलीचं वय काय, तिच्यावर त्याचा काय परिणाम होतो यावर आहे. म्हणून घाई नको. मूल वाढतं तसा व्रणही बदलतो, डॉक्टर बरेचदा वर्षभर तरी थांबून मग शेवटचा रिपोर्ट देतात. पुरावे गोळा करायची घाई करा, रक्कम मान्य करायची नको.

आणि मला या सगळ्या व्यवस्थेत सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही की बोर्डाने ठरवलेली किंवा इन्शुरन्सवाल्यांनी देऊ केलेली रक्कम तुम्हाला पटली तरी तेवढ्यावर भागत नाही, जजसमोर जावं लागतं. रक्कम १५,००० युरोपर्यंत असेल तर डिस्ट्रिक्ट कोर्ट, ६०,००० पर्यंत सर्किट, त्याच्या वर हायकोर्ट. जज रिपोर्ट वाचतो, व्रण असेल तर बरेचदा मुलीला जवळ बोलावून स्वतः बघतो, आणि रक्कम कमी वाटली तर सरळ नाही म्हणतो. मान्य झालेले पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, कोर्टाकडे तिच्या नावाने गुंतवून ठेवतात आणि अठरा झाल्यावर तिला मिळतात. मधे तिच्याच उपचारासाठी किंवा शिक्षणासाठी खरंच गरज पडली तर कोर्टाकडे अर्ज करून थोडे काढता येतात. काही पालकांना हा अविश्वास वाटतो. मला तो वाटत नाही, घरावर कितीही अडचण आली तरी मुलीच्या कपाळाच्या बदल्यात आलेला पैसा मुलीलाच राहतो, असंच हवं.

सॉलिसिटरने "मिळेल त्यातले इतके टक्के माझे" असं म्हटलं तर दुसरा बघा. अशा दाव्यांमध्ये भरपाईच्या टक्केवारीवर फी लावायला आयर्लंडमध्ये मनाई आहे, आणि खर्च किती येईल हे त्याने लेखी द्यायलाच हवं.

बारा वर्षांचा असताना सायकलवरून शाळेत जाताना गाडीने उडवलं होतं. पाय मोडला, प्लेट टाकली, अजून थंडीत दुखतो. घरच्यांनी तेव्हा काही केलं नाही. आता मी एकोणीस वर्षांचा आहे, वर काही महिने. गेलं ना सगळं? (एक विद्यार्थी, गॉलवे)

नाही गेलं, पण तुझ्याकडे वेळ फार कमी आहे, म्हणून हे वाचून झाल्यावर फोन उचल.

मोठ्यांना दुखापतीच्या क्लेमसाठी दोन वर्षांची मुदत असते. मुलांच्या बाबतीत ती अठरावा वाढदिवस होईपर्यंत सुरूच होत नाही. म्हणजे तुझी दोन वर्षं अठराव्या वाढदिवसाला सुरू झाली आणि विसाव्या वाढदिवसाच्या आधी तुझा अर्ज बोर्डाकडे पोचायला हवा. आता तू सज्ञान आहेस, आईबाबांची सही लागत नाही. नुसता अर्धवट फॉर्म पाठवला म्हणजे झालं असं समजू नकोस, मेडिकल रिपोर्ट वगैरे जोडून अर्ज पूर्ण झाला की मगच मुदत थांबते, आणि रिपोर्ट मिळायला डॉक्टरकडे आठवडे जातात. हॉस्पिटलकडे आणि जीपीकडे तुझे रेकॉर्ड आजच माग, डेटा प्रोटेक्शनच्या कायद्याने ते साधारण महिन्याभरात आणि फुकट द्यावे लागतात. तेव्हा गार्डा (पोलीस) आले होते का ते घरी विचार, आले असतील तर त्यांच्याकडे नोंद असेल. गाडीवाला पळून गेला असेल किंवा त्याचा इन्शुरन्स नसेल तरी हातपाय गाळू नकोस, अशा केसेससाठी एमआयबीआय नावाची संस्था आहे, तिच्याकडून भरपाई मागता येते.

घरच्यांवर रागावू नकोस एवढंच म्हणेन. नवीन देशात आलेल्या माणसांना हे कुणी सांगत नाही.

गाडी मी चालवत होतो. मागून एकाने ठोकलं, चूक पूर्ण त्याची. पण माझा सहा वर्षांचा मुलगा त्या दिवशी बूस्टर सीटशिवाय (मुलांना उंच बसवणाऱ्या सीटशिवाय) बसला होता, फक्त बेल्ट होता. पोटाला आणि खांद्याला लागलं, दोन दिवस ॲडमिट होता. मला झोप लागत नाहीये. माझ्या चुकीमुळे त्याची भरपाई कापतील का? मीच जबाबदार धरला जाईन का? (एक बाबा, लिमरिक)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी सरळ उत्तर देते, वडिलांची चूक मुलाच्या खात्यात टाकता येत नाही. मोठ्या माणसाने स्वतः बेल्ट लावला नसेल तर त्याची भरपाई कापली जाते, कारण त्याने स्वतःची काळजी घेतली नाही, १९६१ च्या सिव्हिल लायबिलिटी ॲक्टमध्येच ते आहे. पण सहा वर्षांच्या मुलाने बूस्टर का मागितला नाही असं कुणीही विचारणार नाही. मुलाची चूक बघायची झाली तर त्याच्या वयाच्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवता येते त्या मापाने बघतात, आणि सहाव्या वर्षी ते माप जवळजवळ शून्य आहे.

तुमच्या बाजूने मात्र चूक झालीय हे खरं. दीडशे सेंटीमीटर उंची आणि ३६ किलो वजन होईपर्यंत मुलाला त्याच्या मापाची सीट लागते, आणि सतरा वर्षांखालच्या सगळ्यांची जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर असते. त्यामुळे समोरच्याची इन्शुरन्स कंपनी म्हणेल की बूस्टर असता तर इतकं लागलं नसतं, तेव्हा काही वाटा या वडिलांनी उचलावा. ते तुम्हाला केसमध्ये ओढू शकतात. पण तो वाटा ठरला तर तो तुमच्यावर, म्हणजे तुमच्या मोटर इन्शुरन्सवर येतो, मुलाची रक्कम कमी होत नाही. दोघंजण मिळून एकाच दुखापतीला जबाबदार असतील तर ज्याला लागलं त्याला पूर्ण भरपाई मिळते, आणि आपसात कुणी किती द्यायचं ते त्या दोघांनी बघायचं, आयर्लंडचा कायदा असा आहे.

म्हणून एक नीट ऐका. या क्लेममध्ये नेक्स्ट फ्रेंड तुम्ही होऊ नका, मुलाच्या आईला होऊ द्या. तुमचं स्वतःचं नाव समोरच्या बाजूला येण्याची शक्यता आहे आणि एकाच माणसाने दोन्हीकडे उभं राहणं बरोबर नाही. सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत बूस्टरचं खरं सांगा, तुमच्या इन्शुरन्स कंपनीलाही अपघाताचं लगेच कळवा. आणि तुम्हालाही मान वगैरे दुखत असेल तर तुमचा क्लेम वेगळा आहे आणि तुमची दोन वर्षं अपघाताच्या दिवसापासून चालू झालेली आहेत, ती मुलासाठी थांबलीत म्हणून तुमच्यासाठी थांबत नाहीत. यात कितीतरी आईबाबा फसतात.

बूस्टर आणलात ना गाडीत? नसेल तर आज आणा.

शाळेच्या यार्डमध्ये मधल्या सुट्टीत मुलाचा हात मोडला. शाळा म्हणते तुम्ही वर्षाला भरता त्या पैशातून इन्शुरन्स मिळेल, फॉर्म भरा. मग झालं का? (कॉर्क)

ती पुपिल इन्शुरन्सची पॉलिसी आहे, तिच्यात चूक कुणाची हे बघत नाहीत, डॉक्टरचा आणि दातांचा खर्च ठरलेल्या मर्यादेत मिळतो. फॉर्म जरूर भरा. त्याने दुसरा काही हक्क बुडत नाही. पण शाळेवर क्लेम करायचा तर शाळेची चूक दाखवावी लागेल, आणि ते तितकं सोपं नाही. एखादा समंजस पालक जेवढी काळजी घेईल तेवढी शाळेने घ्यावी, असं आयरिश कोर्ट मानतं, प्रत्येक मुलावर प्रत्येक क्षणी डोळा ठेवा असं म्हणत नाही. पकडापकडीत दोन मुलं एकमेकांवर आपटली आणि यार्डात टीचर होते, तर मी स्वतः तुम्हाला क्लेम करा म्हणणार नाही. यार्डात कुणीच नव्हतं, किंवा फुटलेला ड्रेन कव्हर आठवडाभर तसाच होता, किंवा एकच मुलगा रोज मारतोय असं तुम्ही लिहून कळवलं होतं आणि तरी कुणी काही केलं नाही, तर मात्र बोलायला जागा आहे.

शेजाऱ्यांकडे खेळायला गेली असताना त्यांचा कुत्रा मुलीला चावला. ते म्हणतात आजपर्यंत कधी कुणाला चावला नव्हता. चांगले लोक आहेत, संबंध बिघडवायचे नाहीत. (वॉटरफर्ड)

"आधी कधी चावला नव्हता" याला इथे काही किंमत नाही. १९८६ च्या कंट्रोल ऑफ डॉग्ज ॲक्टमध्ये कुत्र्याने माणसावर हल्ला केला तर मालक जबाबदार, त्याची चूक किंवा कुत्र्याचा आधीचा स्वभाव सिद्ध करायची गरज नाही. शेजाऱ्यांकडे होम इन्शुरन्स असेल तर बरेचदा त्यातूनच हे जातं, म्हणून त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, त्यांना पॉलिसी बघायला सांगा. चांगले लोक असतील तर समजून घेतील. मुलगी आता कुत्रा दिसला की रडते, रस्ता बदलते असं तुम्ही पुढे लिहिलंय, तेही जीपीला सांगा आणि लिहून घ्या, भीती हीसुद्धा दुखापतच धरतात.

बाळाच्या जन्माच्या वेळी काहीतरी झालं. जन्मल्यावर लगेच त्याला कूलिंगवर ठेवलं होतं, म्हणजे मेंदू वाचवायला अंग थंड ठेवतात तसं. आता तो दोन वर्षांचा आहे, बसत नाही, डॉक्टर सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचाल नीट न होणं) म्हणतात. हॉस्पिटलमध्ये नीट कुणी सांगत नाही. आम्ही कुठून सुरुवात करायची? (आई आणि बाबा)

तुम्हा दोघांना आधी, खूप बळ मिळो.

हॉस्पिटलच्या केसेस बोर्डाकडे जात नाहीत, सरळ सॉलिसिटरकडे जायचं, आणि असा सॉलिसिटर शोधायचा जो मेडिकल नेग्लिजन्सचंच काम करतो. जन्माआधी पोटात असताना झालेल्या इजेसाठीही मूल जिवंत जन्मलं तर त्याला भरपाई मागता येते, १९६१ च्या कायद्यात कलम ५८ खास त्यासाठी आहे. सुरुवात रेकॉर्डपासून करा. आईची फाइल आणि बाळाची फाइल, दोन्ही. बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा जो लांब कागद निघतो, सीटीजी, तो फाइलमध्ये आहे ना ते बघा, कारण तज्ज्ञ सगळ्यात आधी तोच बघायला मागतो.

मग तो तज्ज्ञ, बहुतेकदा देशाबाहेरचा, सगळं वाचून मत देतो. कसोटी कडक आहे. निकाल वाईट लागला एवढं पुरत नाही, त्याच दर्जाच्या कुठल्याही डॉक्टरने नेहमीची काळजी घेऊन जे केलं नसतं ते इथे झालं, असं दिसावं लागतं. कधीकधी उत्तर येतं की कुणाचीच चूक नव्हती, आणि ते ऐकायची तयारी ठेवावी लागते. पण निदान काय झालं ते तरी कळतं, आणि ते कळण्याचा तुम्हाला हक्क आहे. २६ सप्टेंबर २०२४ पासून तर काही ठरावीक गंभीर घटनांमध्ये हॉस्पिटलने स्वतःहून कुटुंबाला सांगायचं असा कायदाच लागू झालाय.

केस उभी राहिली तर सरकारी हॉस्पिटलच्या वतीने स्टेट क्लेम्स एजन्सी उभी राहते आणि ती हायकोर्टात चालते. मुलाला आयुष्यभर सांभाळ लागणार असेल तर एकदाच मोठी रक्कम घेण्याऐवजी दरवर्षी पैसे येत राहतील असा आदेश १ ऑक्टोबर २०१८ पासून कोर्ट देऊ शकतं. एकरकमी पैसे पन्नाशीत संपले तर काय, ही धास्ती त्याने जाते, सॉलिसिटरला याबद्दल नक्की विचारा. बाळाची मुदत संपलेली नाही, पण तुमच्या स्वतःच्या मनावर झालेल्या आघाताचा क्लेम असेल तर त्याची दोन वर्षं तुमचीच आहेत आणि ती कदाचित आत्ता संपत आली असतील. म्हणून या आठवड्यात भेटा.

शेवटचं पत्र एका बाबांचं, नाव गाव काही नाही. आठ वर्षांच्या मुलीने शाळेत सांगितलं की बाबांनी मारलं. एक चापट होती. टीचरने मीटिंगला बोलावलंय आणि टुस्लाचं (मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी संस्थेचं) नाव काढलं. मुलगी नेतील का हो?

एका चापटीवरून मूल उचलून नेत नाहीत. मुलाला घरातून हलवणं हा टुस्लाचा शेवटचा उपाय असतो आणि त्याला कोर्ट लागतं. पण म्हणून ही गोष्ट किरकोळ आहे असं मी तुम्हाला म्हणणार नाही.

आयर्लंडच्या शाळांमध्ये मारणं १९८२ मध्ये बंद झालं. घरात मात्र "शिस्तीसाठी मारलं" असा बचाव आईबापांना बरीच वर्षं होता, तो ११ डिसेंबर २०१५ ला काढून टाकला. त्याच वर्षी राज्यघटनेत कलम ४२अ लागू झालं, मुलांना स्वतःचे हक्क आहेत असं सांगणारं, त्यासाठी लोकांनी २०१२ मध्ये मतदान केलं होतं. म्हणजे आज मोठ्या माणसाला मारणं जसा गुन्हा तसंच मुलाला मारणं, आपलं मूल असलं तरी. आणि डिसेंबर २०१७ पासून टीचर, डॉक्टर यांच्यावर जबाबदारी आहे की मुलाला गंभीर इजा होतेय असं वाटलं तर टुस्लाला कळवायचं. टीचर तुमच्या विरोधात नाहीत, त्यांचं काम करतायत.

मीटिंगला दोघंही जा. झालं ते खरं सांगा, कमी करून सांगू नका, आणि पुन्हा होणार नाही असं म्हणणार असाल तर ते मनापासून म्हणा. पालकांसाठी पेरेंटिंगचे कोर्स असतात, त्याबद्दल तुम्हीच विचारलंत तर उत्तम. मुलीला काय बोलायचं ते पढवू नका. आणि शाळेत सांगितलं म्हणून घरी तिला एक शब्दही कुणी बोलता कामा नये, आजीआजोबांनीसुद्धा नाही.